सव्वीस हजार वर्षांची राख

मार्गशीर्षातल्या त्या थंडीत नव्या काटेसांगवीच्या बायकांनी सकाळी उंबरा झाडणं सोडून दिलं होतं. उजाडायच्या बेताला गल्लीत शिरलं की दारोदार एकेक बाई उकिडवी बसलेली दिसायची. हातात मोरपीस, पुढ्यात मातीचं बोळकं, आणि उंबऱ्यावर पडलेली पिठासारखी काळी बुकटी ती मोरपिसानं अलगद बोळक्यात लोटत असायची. पोरांना तिकडं पाय ठेवायची बंदी होती. एखाद्या कोंबडीनं उंबऱ्यावर पंख फडफडवले तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

मठाच्या भोंग्यावरून धूम्रानंद महाराजांचा आवाज घुमायचा, "गोळा करा मायबापहो, गोळा करा. पंचवीस वर्सं वाट चुकलेली तुमची माणसं घरी आली हायत. त्यांना पायाखाली घेऊ नका." महाराज मूळचे कुठले ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भोंग्यावर ते गावची बोली बोलत आणि देणगीदारांशी पुस्तकी. एवढ्यावरून माणूस सिद्ध पुरुष ठरत असेल, तर लातूरच्या बस स्थानकावर दर फलाटाला दोन सिद्ध पुरुष सापडतील. पण हे गावात बोलायची सोय नव्हती.

दयानंद त्या रविवारी मोटारसायकल घेऊन आला तेव्हा त्याची आई, तारामती, अशीच दारात बसली होती. दयानंद लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. परभणीपासून देगलूरपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला तिथं येत आणि एकेका हॉलमध्ये तीनशे-तीनशे बसत. त्यांच्यापुढं माइक लावून बोलणाऱ्या या माणसाला आपल्या आईपुढं मात्र आवाज सापडत नसे.

"माय, आत चल. गार वारं हाय."

"थांब की बाबा." तिनं बोलायला श्वास घेतला तो छातीत शिट्टीसारखा वाजला. "राजी आली हाय. बघ आज किती आली."

मग तिनं बोटाच्या टोकावर चिमूटभर काळं घेतलं आणि ओठाला लावलं. दयानंदला ते बघवलं नाही. तो गाडी उगाच पुसत बसला.

राजी, म्हणजे राजमती, त्याची थोरली बहीण. अकरा वर्षांची होती. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं काटेसांगवी पहाटेच्या अंधारात बसलं, तेव्हा ती आणि तिचा बाप दोघं माळवदाखाली गेली. दगडमातीच्या त्या घरांवर हातभर जाडीचा मातीचा थर असायचा, त्याखालून माणूस काढायला दुपार उजाडली. पाऊस पडत होता. गावात इतकी मढी होती की एकेकाचं सरण रचायला ना लाकूड होतं ना माणूस. घरांच्याच तुळया आणि सरे ओढून आणले, आणि चिंचेखालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना एकदमच अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलेल्या बायकांना पोलिसांनी लांबूनच परत पाठवलं. सावडणार तरी काय होत्या? कुठली राख कोणाची, हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

त्या न सावडलेल्या राखेनं तारामतीला पंचवीस वर्षं झोपू दिलं नाही. सरकारनं नवं गाव बांधून दिलं, सरळ गल्ल्यांचं, सिमेंटच्या घरांचं. पण गावात रात्री कडी लावायची रीत उरली नाही ती नाहीच. जमीन पुन्हा हलली तर कडी काढायला वेळ सापडणार नाही, म्हणून दारं सताड उघडी. पाव्हणा आला आणि त्यानं सवयीनं कडी लावली, तर म्हातारी माणसं उठून काढायची.

अशा गावात गेल्या हिवाळ्यापासून काळी काजळी पडायला लागली. पहिल्यांदा लोक चिडले होते, हे आता कोणी कबूल करत नसे. गावाच्या वरच्या माळावर अण्णाराव कंत्राटदारानं डांबराचा प्लांट टाकला होता. हायवे रुंद करायचं काम, डांबर आणि खडी गरम करून कालवायचं यंत्र, त्याच्या भट्टीत जळकं ऑइल. उजाडताना गाड्या भरायच्या म्हणून भट्टी पहाटेच्या आधी पेटायची, आणि थंडीतला तो धूर वर न जाता माळावरून गावात उतरायचा. गावानं अर्ज केला. जिल्ह्याहून एक साहेब आले, त्यांनी उंबऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "गावात चुली आहेत. उसाचं पाचट जळतं. पलीकडं वीटभट्ट्या आहेत. ही काजळी प्लांटचीच कशावरून? काजळीवर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं?"

साहेब गेले आणि पुढच्याच अमावास्येला अण्णारावांच्या जीपमधून महाराज आले.

महाराजांनी काजळी हातावर घेतली, डोळे मिटले, अंग थोडं हलवलं आणि गावाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही भट्टीची काजळी नव्हे. ही चिंचेखालची राख हाय. सावडली न्हाई म्हणून फिरायली. कडी लावू नका, वाट अडवू नका. रोज सावडा, चिमूटभर मुखात घ्या, उरात घ्या." तिथंच दहा-वीस बायकांनी हंबरडा फोडला. अर्ज कुठल्या कुठं गेला. माणसं ज्या धुराला शिव्या देत होती त्याला हात जोडायला लागली, आणि माळावर मठासाठी पत्र्याची शेड उभी राहिली. पत्रे अण्णारावांचे.

तारामतीचा दमा मात्र खोटा नव्हता. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "ही छाती अजून एक हिवाळा असा काढणार नाही. त्यांना तिथून हलवा." दयानंदनं हातापाया पडून पाहिलं. ती म्हणाली, "मी लातूरला येऊ, अन् राजीनं दारात येऊन कोणाला हाक मारायची?" दयानंद एकटाच लातूरला परतला.

येळवस आली. लातूर-नांदेडकडं या अमावास्येला घरात कोणी राहत नाही. भज्जीची मिसळ भाजी, आंबिलीनं भरलेला बिंदगा, बाजरीचे उंडे घेऊन सगळा मुलूख शेतात जातो, आणि शहरातल्या रस्त्यांवर कुत्री तेवढी उरतात. दयानंदही आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आईच्या आधी उठला आणि दारात गेला. उंबरा लख्ख होता. शेजारच्या भामाबाईंचा उंबरा लख्ख, पुढचा लख्ख, अख्खी गल्ली लख्ख. येळवशीला प्लांटवरची पोरंही आपापल्या शेतात गेली होती आणि मुक्कामाला तिथंच राहिली होती. भट्टी पेटलीच नव्हती.

दयानंदनं भामाबाईंना बोलावलं, "काकू, बघा. प्लांट बंद, काजळी बंद. आता तरी पटंल का?"

भामाबाई बघत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, म्हणजे डोक्यात काहीतरी हललं होतं. तेवढ्यात भोंगा खरखरला.

"मायबापहो, आज उंबरा रिकामा दिसंल. भिऊ नका. काल येळवस होती. तुमची माणसं बी आपापल्या शेतात गेली व्हती. ज्या मातीत राबली तिथं आंबील प्यायला गेली. उद्या परत येतील."

गल्लीत कोणीतरी हुंदका दिला. भामाबाईंनी पदर डोळ्याला लावला. तारामती आत बसून रडत होती आणि रडता रडता हसत होती. "राजीला भज्जी लई आवडायची," ती म्हणाली. आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी पोरं कामावर आली, भट्टी पेटली, राजी परत आली.

दयानंदला त्या दिवशी पहिल्यांदा महाराजांची भीती वाटली. या माणसाला पुराव्यानं हरवता येणार नव्हतं, कारण पुरावा दिसला की तो त्याचीच गोष्ट करून टाकत होता.

त्याच आठवड्यात कंधारहून जलीलचा फोन आला. नांदेडला विद्यापीठात दोघं एका खोलीत राहिले होते. जलील आता दिल्लीकडं एका प्रयोगशाळेत होता, बहीण जोहराच्या लग्नासाठी घरी आला होता. लग्नाच्या मांडवात, बिर्याणीच्या डेगेजवळ उभं राहून दयानंदनं त्याला सगळं सांगितलं. साहेबांचं वाक्यही सांगितलं.

जलील हसला नाही. म्हणाला, "नाव लिहिलेलं असतं, यार. काजळीवर बी असतं. कार्बन-चौदा रोज शिकवतोस ना तू?"

"ते वय काढायला. जुनी हाडं, जुनी लाकडं."

"वय सोड. आमच्याकडं हवेतले कण येतात. धूर लाकडाचा का तेलाचा, त्यावरच कळतो." आणि मग त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-चौदाचा बारीकसा अंश असतो. झाड हवा घेतं, गाय चारा खाते, माणूस दोघांचं खातो, म्हणून जे जे नुकतं जगलं त्या सगळ्यात तो अंश असतो. जीव गेला की तो हजारो वर्षांत हळूहळू सरतो. गोवरी, लाकूड, पाचट, तूप, माणूस, कशाचाही धूर असो, त्यात तो भरपूर सापडणार. पण डांबर, डिझेल, ऑइल हे जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडलेलं. त्यात तो औषधालाही उरत नाही.

ही गोष्ट दयानंद वर्षातून किती बॅचेसना फळ्यावर लिहून देत होता. सूत्र पाठ, उत्तराचे पर्याय चार, पुढचा प्रश्न. त्या सूत्रात त्याच्या आईचा उंबरा मावतो हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

सुट्टी संपवून गेलेला जलील थोड्याच दिवसांत यंत्र घेऊन परत आला. हवा ओढून पांढऱ्या गाळणीवर कण धरणारी एक पेटी. ती तारामतीच्या गच्चीवर लावली, आणि काही पहाटा चालवली. गाळण्या कोळशासारख्या काळ्या झाल्या. दुसरी गाळणी मठाच्या धुनीच्या धुरात धरली, तिथं बाभळीचं लाकूड आणि गोवऱ्या जळत. तिसरा नमुना दयानंदनं स्वतः आणला. जुन्या गावच्या चिंचेखाली वीतभर उकरलं की अजून कोळसा लागतो.

तारामती जलीलला चहा देत म्हणाली, "बाबा, तू कंधारचा? भूकंपात तिकडून भाकरीचा ट्रक आला व्हता."

"आमच्या अब्बांनी आणला होता, मावशी. मी केबिनमध्ये बसलो होतो." तिनं त्याच्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं.

यंत्राची बातमी माळावर पोचायला वेळ लागला नाही. अण्णाराव स्वतः लातूरला क्लासवर आले, कडक इस्त्री, गोड बोलणं. "सर, हजार पोरांना घडवता तुम्ही. तुमच्या मालकांची आपली घरची ओळख हाय. कशाला म्हातारीच्या देवधर्मात यंत्रं घालता? गावाची भावना लई नाजूक असती. कोणी चुकून काय केलं तर मला वाईट वाटंल."

दयानंद म्हणाला, "माझी आई मरायलीय, अण्णाराव."

"समदेच मरणार हायत," अण्णाराव म्हणाले, आणि जाताना फळ्यावरचं सूत्र वाचून मान डोलवली.

शिवरात्र जवळ आली. महाराजांनी जाहीर केलं की त्या दिवशी महासावडणं होईल. सगळी बोळकी मठात आणायची, पूजा व्हायची. मग ज्यांची माणसं गेली त्यांनी तीन दिवस उघड्या दारात बसून पहाटे उतरणारा धूर उरात घ्यायचा. औषधपाणी बंद, पोटात फक्त तीर्थ. व्रत करणाऱ्यात तारामतीचं नाव पहिलं होतं. दम लागला की ती ओढायची तो पंप तिनं महाराजांच्या पायावर ठेवायचा ठरला होता. दयानंदनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तीन दिवस लागणार नाहीत हो."

शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी जलीलचा फोन आला. धुनीचा धूर: कार्बन-चौदा जवळजवळ शंभर टक्के. चिंचेखालचा कोळसा: तोही शंभराच्या आसपास. गच्चीवरची काजळी: शंभरात चार. "ते चार तुमच्या चुलींचे," जलील म्हणाला. "बाकीचं समदं तेल-डांबर. ह्यात तुझ्या बहिणीचा कणसुद्धा नाही, दयानंद."

सकाळी मठाचं पटांगण माणसांनी भरलं होतं. बोळक्यांच्या ओळी, हार, उदबत्त्या. तारामती पुढं बसली होती, पंप मुठीत. तिचा प्रत्येक श्वास दयानंदला मागून ऐकू येत होता. तो उठला आणि म्हणाला, मला दोन शब्द बोलू द्या.

महाराज हसले. "बोला की. पण आधी गावाला सांगा, ते यंत्र कोणाचं? कंधारचा जलील, बरोबर? तुमच्या पितरांची झडती कोण घेतंय बघा, मायबापहो."

गर्दीत कुजबुज झाली. भामाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्याच्या बापानं भाकरी आणल्या व्हत्या, तवा कोणी जात इचारली न्हाई. बोल रे दया." कुजबुज थांबली.

अण्णाराव मोठ्या मनानं पुढं झाले आणि त्यांनी माइक दयानंदच्या हातात दिला. सगळा गाव बघत होता, आणि त्यांना घाई होती. "बोलू द्या सरांना. सर, एवढी तपासणी केली तर वय काय निघालं राखेचं? एका शब्दात सांगा, लोकांना आरतीला उशीर व्हायलाय."

आणि इथं दयानंदकडून ती चूक झाली, जी लातूरच्या क्लासवाल्याकडूनच होऊ शकते. शंभरात चार उरला, वय किती, हा प्रश्न त्यानं इतक्यांदा सोडवून दाखवला होता की डोक्याच्या आधी जीभ चालली.

"सव्वीस हजार वर्षं," तो म्हणाला.

पुढच्या क्षणी त्याला कळलं आपण काय बोललो, पण तोवर भोंग्यानं ते माळापलीकडं पोचवलं होतं. महाराजांनी दोन्ही हात वर केले. "ऐकलंत का? मी न्हाई, विज्ञान बोललं. दिल्लीची मशीन बोलली. सव्वीस हजार वर्षं! ही साधी राख न्हवं. ऋषींच्या यज्ञाची राख हाय ही, सत्ययुगातली. तुमच्या उंबऱ्यावर उतरली, केवढं तुमचं पुण्य!" लोकांनी हात जोडले. कोणी शंख फुंकला. दयानंद माइकमध्ये ओरडून सांगत होता की हे वय खरं नव्हे, हे मिश्रण आहे, मिश्रणाला ते सूत्र चालत नाही. पण माइक केव्हाच बंद केला होता. त्यानं आईकडं पाहिलं. ती पंप घेऊन उठत होती. आपल्याच तोंडानं आपण तिला मारलं, असं त्याला वाटलं.

तारामती महाराजांपुढं आली. पंप पायावर ठेवायला वाकली नाही. तशीच उभी राहिली, धापा टाकत.

"महाराज," ती म्हणाली, "माझी राजी अकरा वर्सांची व्हती."

"हाव माय. पवित्र जीव."

"मंग ही सव्वीस हजार वर्साची राख तिची कशी?"

शंख थांबला. महाराजांनी वर केलेले हात खाली घेतले. "आत्म्याला वय नसतं, माय."

"आत्म्याला वय न्हाई. मंग आत्म्याला राख तरी कशी असंल?" ती श्वास घ्यायला थांबली. "तुमी म्हन्लात ही चिंचेखालची हाय. आता म्हन्ता ऋषींची हाय. मी वर्सभर राजी म्हणून ओठाला लावलं. मी कोणाला खात व्हते, ते सांगा मला."

महाराजांनी अण्णारावांकडं पाहिलं. ते पाहणं पुढच्या ओळीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

दयानंद पुढं गेला. त्यानं माइक मागितला नाही, आईचा हात धरला आणि तिलाच सांगितलं, पण शांतता अशी होती की मागच्यांनाही ऐकू गेलं. "माय, वरणात मीठ घातलंय का, हे चाखलं की कळतं ना? जे जे जगलं, झाड, गाय, माणूस, त्या प्रत्येकात कार्बनचं एक मीठ असतं. चितेच्या कोळशात ते सापडलं. ह्या महाराजांच्या धुनीत सापडलं. उंबऱ्यावरच्या काजळीत न्हाई सापडलं. माणूस जळाला असता, लाकूड जळालं असतं, तर असतंच. ते नसतं फक्त जमिनीतून काढलेल्या तेलात न् डांबरात. सव्वीस हजार मी चुकून बोललो, क्लासची सवय. मीठ नसलेल्या वरणात चुलीची चिमूट पडली, तिचं ते गणित. माय, ही राजी न्हाई. ही कधीच राजी नव्हती."

मग मागून व्यंकटी उठला. प्लांटवर भट्टी सांभाळणारा गावातलाच माणूस, आजवर खाली मान घालून बसलेला. "धूर पाण्यात धुवायची टाकी असती," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यापासून टँकर बंद हाय. टाकी कोरडी. येळवशीला आमी कोणी नव्हतो, म्हणून उंबरे साफ होते. माझ्या बी घरात बोळकं हाय. बायकोला सांगायचं धाडस झालं न्हाई."

"व्यंकटी," अण्णाराव म्हणाले, तेवढंच.

"चला बघू," भामाबाई म्हणाल्या, आणि बोळकं तिथंच ठेवून प्लांटकडं चालू लागल्या. त्यांच्यामागं सगळा गाव. टाकीच्या तळाला भेगा पडलेला चिखल होता आणि त्यात शेळ्यांच्या लेंड्या. भट्टीच्या चिमणीला हात लावला की तो काळा होत होता, उंबऱ्यावरच्यासारखाच. लोक एकमेकांचे हात बघत उभे राहिले. कोणी शिवी दिली नाही. परत आले तेव्हा मठात महाराज नव्हते, अण्णारावांची जीपही नव्हती. एकांतात साधनेला गेले असतील.

पुढं साहेब पुन्हा आले. जलीलचे आकडे बघून या वेळी त्यांनी काजळीवर कोणाचं नाव हा प्रश्न विचारला नाही, आणि टाकीत पाणी येईपर्यंत प्लांट बंद करवला. दयानंदला क्लासच्या मालकांनी बोलावून घेतलं, ते बोलणं काही गोड नव्हतं, पण नोकरी टिकली.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी तारामती घरात भिंतीला टेकून बसली होती. दोनदा पंप ओढला होता, शिट्टी जरा बसली होती. चेहरा मात्र पंचवीस वर्षांपूर्वीचा, चिंचेवरून परत पाठवलेल्या बाईचा. "खोटी का हुईना, रोज येत व्हती," ती म्हणाली. "आता कोण येणार?"

खोटेपणा उघडा पाडला म्हणून छाती फुगवायची ही वेळ नव्हती. महाराजांनी तिच्याकडून जे लुटलं ते पत्र्याच्या शेडपेक्षा मोठं होतं. त्यांनी तिचं दुःख उचललं आणि कंत्राटदाराच्या चिमणीला झाकण म्हणून वापरलं. आपलं गेलेलं माणूस आठवणं यात भाबडं काहीच नाही. पण ज्याला आपली जखम नेमकी ठाऊक आहे तो कोणी दारात येऊन "हे घे, तुझं माणूस" म्हणाला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारायचं, हे आलं कुठून, आणि याचा फायदा कोणाला? तारामतीनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं हिशेब पाहिला, अकरा वर्षं आणि सव्वीस हजार वर्षं, आणि तो जुळत नाही हे चारचौघांत बोलली. विज्ञान म्हणजे याहून फार वेगळं काही नसतं.

दयानंदनं खिशातून पुडी काढली. चिंचेखालचा कोळसा, जलीलकडं पाठवून उरलेला. "माय, ह्यात राजी हाय का, ते मी सांगू शकत न्हाई. कोणीच सांगू शकत न्हाई. पण ही त्याच आगीची हाय. एवढं खरं."

तिनं पुडी दोन्ही हातांत घेतली. ओठाला लावली नाही. तिची घडी पुन्हा नीट घातली आणि म्हणाली, "उद्या तेरणेच्या पाण्यात सोडू. सावडायचं राहिलं व्हतं."

बाहेर माळावरून वारं उतरत होतं. तारामती उठली, दाराशी गेली, गल्लीत एकदा इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं दार ओढलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच आतून कडी लावली.